घरगुती रहस्यकथा लिहिताना : सांगली-साताऱ्याच्या नवोदितांसाठी काही पायऱ्या

शेजार, घराण्यातील गुपिते आणि आईपण यांभोवती फिरणारी रहस्यकथा लिहू पाहणारे बहुतेक नवोदित पहिल्याच पानावर प्रेत आणून ठेवतात आणि मग गुपित दडवण्याच्या खटपटीत अडकतात. कुलूप लावलेली माडी, माळ्यावर सापडलेली डायरी, निनावी चिठ्ठी ही सगळी सामग्री त्या खटपटीतूनच येते. सांगली किंवा सातारा यांसारख्या गावांत ती पटत नाही, कारण येथे कोणतेही गुपित पुरते झाकलेले नसते. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना, वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केलेल्या शेजाऱ्याला आणि घरातल्या निदान एका आत्तीला ते अर्धेमुर्धे ठाऊक असतेच. म्हणून काय घडले यापेक्षा कोणाला ठाऊक होते आणि ती व्यक्ती इतकी वर्षे गप्प का राहिली, हा प्रश्न वाचकाला अधिक काळ धरून ठेवतो. पुढील पायऱ्या याच प्रश्नाच्या अनुरोधाने दिल्या आहेत. ज्यांना पोलिसी तपासकथा लिहायची आहे, त्यांना त्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

पायरी पहिली : आधी घर आखावे

कथानक सुचण्याची वाट न पाहता कागदावर घराचा नकाशा काढावा आणि कोणत्या खिडकीतून काय दिसते, कोणत्या भिंतीतून काय ऐकू येते, हे त्यावर लिहून ठेवावे. सांगलीच्या गावभागातील वाटणी झालेल्या वाड्यात भिंत सामाईक असते, त्यामुळे शेजारचे बोलणे ऐकू येते पण दिसत काही नाही. विश्रामबागेतील अपार्टमेंटमध्ये जिन्यातला कॅमेरा आणि वॉचमनची वही यांमुळे प्रत्येकाचे येणे-जाणे कळते, मात्र दार लागले की आतले काही कळत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर वरच्या घरातून खालच्या घराची गच्ची दिसते आणि दोरीवरच्या लंगोट-दुपट्यांवरून त्या घरातले बाळ किती दिवसांचे झाले, याचा अंदाज वरच्या बाईला रोज बांधता येतो. तिन्ही ठिकाणी पाळत ठेवण्याची रीत वेगळी आहे, आणि संशयही तिच्याप्रमाणे वेगळ्या वळणाने जातो. जे ऐकू येते पण दिसत नाही, ते नवोदितांना सर्वांत अधिक उपयोगी पडते, म्हणून पहिल्या कथेसाठी मी वाडाच सुचवेन.

सांगलीची कथा असेल तर कृष्णेच्या पुराचा हिशेब करावाच लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही गावात पाणी शिरले. लेखकाच्या दृष्टीने पुराचे महत्त्व वेगळे आहे. एरवी उंबऱ्याच्या आत न येणारी माणसे त्या दिवसांत एका छताखाली झोपतात, वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंका गच्चीवर येतात, त्यांतले कागद उन्हात पसरले जातात आणि ते पसरायला शेजारणी मदत करतात. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी आलेला कर्मचारी घरात कोण कोण राहते आणि चुली किती, हे सर्वांसमक्ष विचारतो. ज्या घराला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, त्या घरापासून कथा सुरू करता येते.

पायरी दुसरी : गुपिताला कागद शोधावा

नुसत्या आठवणीवर उभे असलेले गुपित कथेत लवकर विरून जाते. कोणीतरी नाकारले की वाद मिटतो. कागद मात्र नाकारता येत नाही. म्हणून आपल्या गुपिताचा एक कागद कोठेतरी असलाच पाहिजे आणि तो फाडून न टाकण्याचे खरे कारणही लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. ३० दिवस उलटून गेल्यास लेखी परवानगी आणि वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नोंद जेथे जन्म झाला तेथील कार्यालयात होते, त्यामुळे बाळ माहेरी जन्मले असे सांगणाऱ्या घरात वेगळ्याच गावाचा दाखला निघाला, तर एका ओळीत कथा उभी राहते. जमिनीच्या बाबतीत बहिणीचे हक्कसोडपत्र, वारसनोंदीचा फेरफार आणि सातबाऱ्यावरून गळलेले एखादे नाव ही आपल्याकडची नेहमीची सामग्री आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे ध्यानात ठेवल्यास त्यानंतर केलेल्या हक्कसोडपत्रामागे कोणाचा दबाव होता, हे विचारता येते. सातारा जिल्ह्यात फौजी घरे पुष्कळ आहेत, आणि त्या घरांतल्या बायकांना पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जवानाचे लग्न आणि मुलांचे जन्म त्यातूनच सेवानोंदीत चढतात. गावाला ठाऊक असलेली मुले तीन आणि सेवानोंदीत चढलेली दोन, ही तफावत फॅमिली पेन्शनच्या वेळी उघडी पडते.

साताऱ्याच्या एका कागदाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून जिचे नाव नकुशा किंवा नकुशी ठेवले गेले, अशा दोनशेहून अधिक मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने नवी नावे देण्यात आली. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज स्वतः आई असू शकते. तिचे जुने नाव सासरी कोणालाही ठाऊक नसेल, तिला पहिली मुलगी झाली असेल आणि शेजारची बाई तिच्या माहेरच्या गावची निघाली असेल, तर खून-मारामारीची गरज उरत नाही.

रक्तगटाचा धागा नवोदितांना फार आवडतो, पण तो बहुधा कच्चा विणला जातो. आई आणि वडील दोघेही ओ गटाचे असतील, तर मूल सर्वसाधारणपणे ओ गटाचेच असते. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयातील अहवालावर मुलाचा गट बी दिसला की वाचक आईकडे संशयाने पाहू लागतो. मात्र १९५२ मध्ये मुंबईत प्रथम आढळलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या तपासणीत ओ असल्यासारखाच दिसतो आणि अशा व्यक्तीकडून मुलाला बी गट मिळू शकतो. म्हणजे ज्या बाईवर सबंध घराने वर्षभर संशय घेतला ती निर्दोष असू शकते. माझ्या मते, संशय खोटा ठरल्यावरही त्या घरात तिला जी वागणूक मिळत राहते, ती या धाग्यातली खरी कथा आहे.

पायरी तिसरी : ठाऊक असणाऱ्यांची यादी करावी

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ घालवावा. एक नमुना घेऊन पाहू. गावभागातल्या वाड्यातील थोरली सून पहिल्या बाळंतपणासाठी कऱ्हाडकडच्या माहेरी गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलगा घेऊन परतली. प्रत्यक्षात तिला मूल झालेच नव्हते. ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या टोळीतल्या एका बाईचे बाळ मध्यस्थाकरवी परस्पर घेण्यात आले होते. बाळाबरोबर त्याचे लसीकरणाचे कार्डही आले आणि त्यावर बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्राचा शिक्का होता. सुनेने ते जपून ठेवले, कारण पुढच्या लशी कधी द्यायच्या, हे त्यावरूनच कळणार होते. नंतर ते फाडायला हात उठला नाही. २०१९ च्या पुरानंतर ते कार्ड गच्चीवर वाळत पडले आणि शेजारच्या काकूंच्या हाती लागले.

साधारण लेखक येथे काकूंना धक्का बसल्याचे लिहील. आपण यादी करू. सासूबाईंना ठाऊक आहे, कारण व्यवहार त्यांनीच केला. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना दुसऱ्याच दिवशी कळले, कारण वीस दिवसांचे म्हणून सांगितलेले बाळ त्यांच्या तोंडाकडे पाहून हसले. बाळे ओळखून हसू लागतात ती साधारण दीड महिन्याची झाल्यावर, आणि ज्या बाईने शेकडो बाळे पायांवर घेतली आहेत तिला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिवाय बाळंतिणीचे अंग चोळायला गेल्यावर तिने पोटाला हात लावू दिला नाही. तिसरा जाणकार सोनार. त्याचा प्रसंग असा लिहिता येईल :

सोनाराने बाळाचा डावा कान बोटांत धरला, सुई पुढे केली आणि तो थांबला. पाळीला आधीच एक बारीक छिद्र होते, बुजत आलेले. त्याने मान वर केली तेव्हा सासूबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. "जरा वर टोचा," त्या म्हणाल्या, "मामानं आणलेली बाळी जड हाय." सोनाराने जरा वर टोचले. बाळ रडले, बायका हसल्या आणि मामाने सोनाराच्या हातावर ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त ठेवले.

या प्रसंगात कोणीही काही उघड केलेले नाही. पहिल्या वाचनात तो बारशातला एक किरकोळ तपशील वाटतो आणि कार्ड सापडल्यावर वाचक मागे जाऊन तो पुन्हा वाचतो. सूचक खुणा अशाच कामाच्या ओघात पेराव्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, भिशीची दुपार, गिरणीतले दळण, शेजारून आलेली वाटी रिकामी परत न करण्याची रीत या निमित्तांनी बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात आणि तेथे काहीतरी पाहून येतात. त्यांनी काय पाहिले ते लिहावे, त्यांना काय वाटले ते बऱ्याचदा गाळावे.

आता प्रत्येक नावापुढे गप्प राहण्याचे कारण लिहावे. कारणे साधारण तीन प्रकारची असतात : लाभ, भीती आणि माया. एकाच माणसाच्या ठायी ती काळानुसार बदलत गेली तर उत्तम. मावशी आधी लाभासाठी गप्प राहिल्या, कारण सासूबाईंनी त्यांच्या मुलाला हळदीच्या वखारीत कामाला लावले. पुढे त्या भीतीने गप्प राहिल्या, कारण आपणही या व्यवहारात ओढल्या जाऊ, असे त्यांना वाटले. सहा वर्षांनी पोराने त्यांना आजी म्हणायला सुरुवात केल्यावर कारण पुन्हा बदलले. काकूंच्या नावापुढे मात्र नवोदित लेखक काहीच लिहीत नाहीत, कारण त्यांना आत्ताच कळले, असे ते धरून चालतात. माझा सल्ला असा की काकूंनाही बारशापासून शंका असावी आणि कार्ड हाती आल्यामुळे ती शंका नाकारण्याची सोय तेवढी संपावी. मग त्या कार्ड परत ट्रंकेत ठेवतात, की स्वतःच्या पदराखाली घेतात, हा कथेचा मध्य ठरतो.

यादीत एक माणूस असा हवा, ज्याला काहीच ठाऊक नाही आणि कळल्यास ज्याचा फायदा आहे. येथे तो धाकटा दीर. वाड्याची वाटणी व्हायची आहे, आणि पुतण्या कायद्याने वारस ठरत नाही, असे कळले तर त्याचे गणित बदलते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार जन्मदात्यांनी स्वतः मूल दिलेले असावे लागते आणि त्या बदल्यात पैसे घेण्या-देण्यास मनाई आहे. त्यामुळे मध्यस्थाच्या हातून आलेले हे मूल दत्तक ठरवणे घराला जड जाईल.

पायरी चौथी : आईला खलनायिका करण्यापूर्वी थांबावे

या प्रकारच्या कथांत आईचे मन हे सर्वांत मोठे भांडवल असते आणि सर्वांत अधिक गैरवापरही त्याचाच होतो. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात येणारी रडवेली, हळवी अवस्था पुष्कळ जणींना येते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकणारे नैराश्य हा वेगळा आजार आहे. भास आणि भ्रम होण्याची अवस्था त्याहून वेगळी आणि दुर्मीळ आहे. ती हजारात एक-दोन बाळंतिणींना होते आणि तिला तातडीच्या उपचारांची गरज असते. या तिन्हींची सरमिसळ करून शेवटच्या पानावर आईच वेडी होती, असे सांगणारी कथा अप्रामाणिक तर असतेच, शिवाय वाचकाला ती चौथ्या पानावर ओळखू येते.

याउलट आई खरे बोलत आहे आणि बाळंतीण म्हणून कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, ही परिस्थिती फार मोलाची आहे. आपल्याकडे सव्वा महिना तिला खोलीतून फारसे बाहेर पडू देत नाहीत, खाणे-पिणे इतर ठरवतात, बाळ कोणाच्या हातात द्यायचे हेही इतर ठरवतात. दार बाहेरून लावण्याची गरजच नसते. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते, म्हणून पाट्या-वरवंट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि बायका जागतात. पहाटे सगळ्यांचा डोळा लागला आणि सकाळी त्या कोऱ्या कागदावर माणसाच्या अक्षरात एक नाव लिहिलेले आढळले, तर रात्री खोलीत असलेल्या प्रत्येक बाईचे अक्षर घराला तपासावे लागेल. त्यांपैकी कोणाला लिहिता येते आणि कोणी येत नाही असे आजवर भासवले, येथपर्यंत ही कल्पना नेता येते. ती येथे फुकट दिली आहे, कोणीही घ्यावी.

पायरी पाचवी : कोण सांगते आहे ते ठरवावे

निवेदन प्रथमपुरुषी असल्यास निवेदिकेने वाचकापासून काही राखून ठेवणे क्षम्य आहे, पण समोर दिसत असलेल्या गोष्टीबद्दल खोटे सांगणे क्षम्य नाही. काकू सांगत असतील तर "मी कार्ड पाहिले आणि बाजूला ठेवले" असे त्या म्हणू शकतात. बाजूला म्हणजे कोठे, हे त्यांनी पुढे सांगितले तरी चालते. सुनेच्या तोंडून कथा सांगितली तर बाळंतपणाचा उल्लेखच टाळत नेण्याची कसरत करावी लागते आणि ती पहिल्या कथेत सहसा साधत नाही. शेजारीण हीच सोयीची निवेदिका आहे, कारण तिला अर्धे ठाऊक असते आणि बोलायला आवडते.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद सांगलीच्या बोलीत लिहावेत, मात्र प्रत्येक वाक्यात "लई" आणि "व्हय" कोंबू नये. बोली शब्दांपेक्षा चालीत अधिक असते.

"वैनी, पोराला लस कुठल्या दवाखान्यात दिलीसा हो?"
"माहेरीच की. का ओ काकू?"
"काय न्हाई. आमच्या नातवाचं कार्ड पुरात गेलं. तुमचं राहिलं म्हणून विचारलं."

काकू नुसत्या चौकशी करत आहेत, असे तिसऱ्या माणसाला वाटेल. सुनेला मात्र तुमचं राहिलं या दोन शब्दांत सगळे कळते. संबोधनांकडेही लक्ष द्यावे. वयाने मोठी असूनही काकू सुनेला वैनी आणि अहो-जाहो म्हणतात, हा वाड्यातल्या मालक-भाडेकरू नात्याचा भाग आहे. ज्या दिवशी त्या तिला "अगं" म्हणतील, त्या दिवशी पारडे फिरले, हे वेगळे सांगायला नको.

कायदा आणि पोलीस

ही पायरी थोडक्यात आटोपता येते, पण चुका येथेच होतात. कथेतला गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतर घडत असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे लागू होतील, त्यापूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहितेची. नमुन्यातला व्यवहार २०१३ चा आहे, त्यामुळे त्याला तेव्हाचा कायदा पाहावा लागेल. कथा अलीकडची असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे, ज्यात मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. साक्षीदार म्हणून स्त्रीची चौकशी तिच्या राहत्या घरी करावी लागते आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला सहसा अटक करता येत नाही. लेखकांना हे नियम अडचणीचे वाटतात, पण आपल्या कथेला ते वरदान आहेत. फौजदार वाड्यात येऊन काकूंना प्रश्न विचारतो आहे आणि सामाईक भिंतीपलीकडे सुनेने नळ बंद केला आहे, हे दृश्य ठाण्यात रंगणार नाही.

खऱ्या घटनांबाबत एक मर्यादा पाळावी. मिरजेजवळच्या म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या भ्रूणहत्येच्या प्रकरणासारख्या घटनांची जखम या भागात अजून ओली आहे. त्यातली माणसे ओळखू येतील अशा रीतीने उचलू नयेत.

शेवट आणि पहिला वाचक

गुपित फुटण्याचा प्रसंग कथेच्या अखेरच्या ओळीवर नेऊ नये. वाडा तेथेच राहतो, दुसऱ्या दिवशी पाणी येते तेव्हा हंडे घेऊन सगळ्यांना त्याच नळावर यावे लागते आणि कोण कोणाशी बोलते, हे तेथे ठरते. नमुन्यातल्या कथेत दिराला बातमी लागल्यानंतरही निदान दोन-तीन पाने हवीत. मुलगा शाळेतून आल्यावर कोणाच्या दारात जातो, मावशी न्हाऊ घालण्याचे पुढचे काम धरतात का, आणि बीडकडची ती बाई पुढच्या हंगामात टोळीबरोबर येते का, हे प्रश्न त्या पानांत सुटले नाहीत तरी निदान विचारले जावेत.

दिवाळी अंकासाठी पाठवायची असल्यास कथा पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास तयार असावी आणि तीन-चार हजार शब्दांत बसवावी. पाठवण्यापूर्वी ती अशा एका बाईला वाचायला द्यावी, जिने बाळे न्हाऊ घातली आहेत किंवा निदान दोन-तीन बाळंतपणे जवळून पाहिली आहेत. कथा आवडली का, असे तिला विचारू नये. बाळ सुनेचे नाही, हे तुम्हाला कोणत्या पानावर कळले, एवढेच विचारावे. तिने सोनाराच्या प्रसंगाआधीचे पान सांगितले तर त्याआधीच्या खुणा कमी कराव्यात, आणि कार्डानंतरचे सांगितले तर सोनाराचा प्रसंग पुन्हा लिहावा.